पाठीवरचं खोगीर

ते खोगीर कुनी टाकलं रं जमिनीवर?

कुनी टाकलं? बोला की! मांडवात एवढी मानसं, उद्या लगीन, न् एकाच्या बी ध्यानात येऊ नये की नवरदेवाच्या घोड्याचं खोगीर मातीत पडलंय? रिकिबी दोन अंगाला लोंबत पसरल्यात. रिकीब म्हंजे पाय अडकवायची लोखंडी कडी, तुमी शहरातली पोरं इचाराल म्हनून सांगते.

आनि ह्यो आमचा नवरदेव! रणजितराव! मी बघितलं न्हाई असं वाटतंय व्हय तुला? सांजच्याला घोड्यावर बसायचा सराव केलास, झ्याक केलंस. उतरताना काय केलंस? दिलावर चाचाला वाकायला लावलंस. त्येचं घोडं, त्येचं वय बघ, गुडघं धरल्यात बिचाऱ्याचं. त्येच्या पाठीवर बूट ठिवून खाली उतरलास! आनि हे तुझं दोस्त फोटू काढत व्हतं. दात काढत व्हती समदी!

कुनी झोपायला जायचं न्हाई. बसा. दिलावर चाचा, तुमी बी बसा. तिकडं न्हवं, हिथं, सतरंजीवर, माझ्या शेजारी. च्या आना गं त्यास्नी. आनि ऐका.

ही भागाआत्या उगं कावती असं म्हनता तुमी. मी जीनगराची लेक, न् जीनगराची सून. खोगीर शिवनाऱ्याच्या घरात जल्मले, खोगीर शिवनाऱ्याच्या घरात म्हातारी झाले. खोगिरापायी माझं कुकू जाता जाता ऱ्हायलंय. तवा मला कावायचा हक्क हाय.

माझ्या लग्नाला तवा लई दिस झालं न्हवतं. आमचं धनी माझ्या म्हायेरी गेलं व्हतं, पळसवाडीला. माझ्या बाकडं एक खोगीर आलेलं, गादी उसवलेली. दुसऱ्या दिवशी सांजच्याला ते एका वरातीला पायजे व्हतं. बाचं डोळं अधू झालेलं, बारीक टाका दिसायचा न्हाई. म्हनून जावयाला बोलावलं, की घिऊन जावा न् रातीत शिवून काढा. आता जावई घरी आला म्हनल्यावर तसाच सोडत्यात व्हय? आईनं पुरनपोळी घातली. पोळ्या हानता हानता दिस बुडाला.

आता मधी एक सांगते, मंग म्होरं जाऊ. आमच्या धंद्यात खोगीर वाहायची एक रीत हाय. बांबूची कावड असती. दोन टोकांना बाभळीचं दोन बेचकं लावलेलं, त्येच्यावर खोगीर नीट बसतं. एका अंगाला एक, दुसऱ्या अंगाला दुसरं. वरनं गोनपाटाची खोळ. रिकिबी वर वढून बांधायच्या, लोंबत्या सोडायच्या न्हाईत. आनि घरी आनलं की ओंडक्यावर ठिवायचं. घोड्याच्या पाठीएवढा आडवा ओंडका, खाली चार पाय, आमच्या परत्येकाच्या वसरीत असतोय. खोगीर एक तर घोड्यावर, न्हाईतर ओंडक्यावर. तिसरी जागा न्हाई त्येला! मातीत न्हाई, आनि मानसाच्या पाठीवर तर न्हाईच न्हाई. बा म्हनायचा, रिकामं खोगीर म्हंजे आवतन. लोंबती रिकीब बघून बसनारा बसतोय.

मंग एकच खोगीर असलं तर? कावड कलंडनार. तवा दुसऱ्या बेचक्यात दगड घालायचा. वजनाला वजन.

बानं तसंच केलं. कावड भरून दिली. एकीकडं खोगीर, एकीकडं चांगला गोल दगड. आमच्या धन्यांचं तोंड बारीक झालं.

"मामा, दगड कशाला? लोक हसतील. म्हनतील जावयाला सासऱ्यानं दगड दिला."

"हसू द्या, जावईबापू. दगडाला लाजू नगा. खिंडीतनं जायचंय. खोगीर पाठीवर घिऊ नगा म्हंजे झालं."

"व्हय मामा," म्हनलं धनी. व्हय म्हनायला काय जातंय!

गावाबाहेर पडलं न् समोरनं एक बैलगाडी आली. गाडीवाला वळखीचा. त्यो म्हनला, "काय पावनं, सासरवाडीचं सोनं का वो बेचक्यात?" झालं! एवढं बोलनं लागलं. गाडी लांब जाऊस्तवर थांबलं, कावड घायपातात दडवली, दगड दिला फेकून. आनि खोगीर? खोगीर घेतलं पाठीवर! तंग, म्हंजे घोड्याच्या पोटाखालनं आवळायचा पट्टा, त्यो छातीवरनं आवळला. रिकिबी सोडल्या तशाच लोंबत. आनि निघालं शीळ घालत. अवो, दगडाची लाज वाटली आनि भुताचं भ्या न्हाई वाटलं! मरून गेलं बिचारं, मागनं बोलू नये, पन अजून माझ्या अंगाची लाही व्हती.

आता खिंडीत कोन व्हतं ते ऐका.

लई मागं, माझ्या आज्याच्या बी आदी, तिकडं इनामदाराचा एक स्वार व्हता. नाव काय बी असंल, लोक त्येला टाच्या म्हनायचं. घोड्याच्या कुशीत टाच मारून मारून जखमा पाडायचा, म्हनून टाच्या. गावोगाव हिंडायचा. जाईल तिथं फुकट वैरन, फुकट कोंबडी. ते बी सोडा. पन ह्येची खोड काय, तर घोड्यावरनं उतरायचं म्हनलं की म्होरं मानूस वाकलं पायजे. पाठीवर पाय ठिवूनच उतरनार. म्हातारा बघायचा न्हाई, लेकुरवाळी बघायची न्हाई. "वाक" म्हनला की वाकायचं. स्वताच्या पायाला माती लागू द्यायचा न्हाई मेला! ऐकताय न्हवं, रणजितराव?

एकदा खिंडीतल्या ओढ्यापाशी उतरायला लागला. तिथं एक धनगर मेंढरं पाजत व्हता. "वाक." वाकला बिचारा. ह्येनं एक पाय काढला, आता पाठीवर ठिवनार, तेवढ्यात त्या धनगराच्या मनात काय आलं देव जानं! बाजूला सरकला. बस, एवढंच. न मारलं, न शिवी दिली, नुसता बाजूला सरकला. ह्यो आला तोंडावर. दुसरा पाय रिकिबीत अडकलेला. घोडं बुजलं न् सुटलं. खिंडीच्या ह्या टोकापासनं त्या टोकापातूर फरफटत नेलं. मेला तवा बी पाय रिकिबीतच व्हता.

लोक म्हनायचं, त्या धनगराला पाप लागलं. कसलं पाप? वाकला न्हाई ह्येचं पाप? मी म्हनते पुन्य लागलं पुन्य! न्हाई का वो, चाचा?

तवापासनं त्यो खिंडीत बसलेला. खोगिराची वाट बघत.

पातळ चांदनं पडलेलं. आमचं धनी खिंडीत शिरलं. पाठीवर रिकिबी वाजायल्या, खळ्ळ... खळ्ळ... खळ्ळ. पावलाला पाऊल, तालाला ताल. बरं वाटलं त्यास्नी. सोबत असल्यावानी. हे समदं त्येंनीच मला मागनं सांगितलं बरं का, माझ्या पदरचं काय न्हाई.

चढ लागला. खोगीर वाईच जड लागलं. पुरनपोळी जड झाली असंल म्हनलं. जरा म्होरं गेलं. आजून जड. आनि मंग, ऐका हं, रिकिबी वाजायच्या थांबल्या.

चालतंय मानूस, आनि रिकीब वाजंना! लोंबती कडी, हलल्याबिगार कशी ऱ्हाईल? हात मागं नेऊन चाचपलं. रिकीब ताठ. खाली वढलेली. कडीत पाय असल्यावर कशी ताठ व्हती, तशी!

थांबलं. न् कानाच्या मागं आवाज, जिभेचा. टक्, टक्. घोड्याला हाकताना करत्यात तसा.

धनी न्हाई हललं. तर टाच बसली! हिथं, बरगडीत. अशी बसली की डोळ्यांम्होरं अंधारी आली. निघालं मानूस. काय करतंय! थांबलं की टाच. वाट सोडली की टाच. "कोन हाय? कोन हाय?" म्हनून वरडाया लागलं, तर त्या मेल्यानं काय करावं? धन्यांच्या खांद्यावरचा पंचा उचलला, तोंडात घातला आडवा, आनि दोन टोकं मागनं वढली. लगाम! माझ्या नवऱ्याला लगाम घातला! सुईदोऱ्यावर पोट भरनारं मानूस, कुनाच्या अध्यात न्हाई मध्यात न्हाई, त्येच्या तोंडात लगाम!

आनि मंग पळवलं. आदी दुडक्या चालीनं, मंग भरधाव. काट्यातनं, खडकातनं. ओढा आला, उडी मारायला लावली. पल्याड जाऊन परत वळवलं, न् परत उडी. कशापायी? काय काम व्हतं? काय न्हाई! हौस! मंग ओढ्यापाशी उभं केलं, मान खाली दाबली, पानी पाजलं. तिथनं कडंला नेलं आनि गवत चारलं. हसता काय रं? गवत! पुरनपोळी खाऊन निघालेलं मानूस, त्येला गवत चघळायला लावलं! मागनं मला सांगताना धनी तिथंच अडकायचं. जखमांचं कधी बोललं न्हाईत, पन गवताचं सांगताना डोळ्यांत पानी यायचं.

मंग त्यो फेरीवर निघाला. जित्तेपनी जिथं जिथं जायचा त्या त्या वाड्यावस्तीवर. दारात उभा ऱ्हायचा न् नावं घिऊन हाका मारायचा. "आरं ए सोनबा! ये, वाक हिथं! ए रखमे! वाक!" कवाच मेलेली मानसं ती, त्यांची नातवंडं म्हातारी झालेली. कोन येनार? कुत्री तेवढी भुकायची. कोन आलं न्हाई की राग धन्यांवर. टाच! टाच!

पन ऐका. बसनाऱ्याला वाटतं जनावर आपल्या म्हनन्यानं चालतंय. दमलेलं जनावर शेवटी आपल्या गोठ्याकडंच वळतं. टाच्या हाका मारन्यात गुंग, पंचा वाईच सैल पडला, न् धन्यांच्या पायांनी आपली वाट धरली. डोस्कं काय चालत न्हवतं, पायास्नी ठावं व्हतं घर कुठं हाय.

सासू-सासरं परगावी गेलेलं, घरात मी एकटीच दिवा लावून वाट बघत बसलेली. दारात धाडकन आवाज झाला. कडी काढली.

आई गं!

धनी अंगनात व्हतं. हातापायांवर. गुडघं सोललेलं, तोंडाला फेस, दातांत पंचा. पाठीवर खोगीर. खोगिरावर कोन न्हाई! पन रिकिबी दोन अंगाला फाकलेल्या, ताठ. आनि धन्यांची पाठ अशी वाकलेली, की आता मोडती का मंग मोडती. छातीवर तंग रुतलेला. नीट श्वास येत न्हवता. नजर माझ्याकडं लावलेली. त्या नजरंत एकच, की सोडीव मला.

आनि वरनं आवाज आला. "कोन हाय? म्होरं ये. वाक."

आता खरं सांगते. माझी कंबर लवली. आपोआप! डोस्क्यानं इचार करायच्या आदी कंबर लवली. सासूम्होरं, सासऱ्याम्होरं, आल्यागेल्याम्होरं वाकायची सवय. गुडघं टेकायला आलं व्हतं माझं. वाकले असते, त्येनं पाठीवर पाय ठिवला असता, तर आज मी हिथं नसते. धन्यांवरनं उतरून माझ्यावर बसला असता, न् नेलं असतं मला खिंडीत.

पन तेवढ्यात धन्यांच्या मिशीला गवताची काडी दिसली.

अशी आग झाली माझ्या जिवाची! भ्या कुठल्या कुठं गेलं. म्हनलं, "कुनाला वाक म्हनतोस रं? कोन तू?"

"इनामदाराचा स्वार हाय मी! वाक!"

"न्हाई वाकत!"

टाच मारली त्येनं, मला न्हाई, धन्यांना. कळवळलं मानूस. उतरत बी न्हाई, सोडत बी न्हाई. श्वास आता फुसफुस वाजायला लागला. म्हनलं भागे, ह्यो काय जमिनीला पाय लावायचा न्हाई, आनि आपून पाठ द्यायची न्हाई. मंग बाचं बोलनं आठवलं. खोगीर एक तर घोड्यावर, न्हाईतर ओंडक्यावर.

पळत आत गेले. वसरीतला ओंडका धरला. दोन गडी लागायचं त्येला उचलाया, मी एकटीनं फरफटत आनला. धन्यांच्या अंगाला लावून उभा केला. कनवटीला रापी व्हती, चामडं कापायची, अशी धार! छातीवरला तंग कापला, सर्रकन. आनि घोड्यावरनं खोगीर जसं आडवं वढून काढत्यात, तसं दोन्ही हातांनी वढलं. काय वजन त्येचं! एक अख्खा बाप्या वर बसलेला! "बाईनं हात लावला! बाईनं हात लावला माझ्या खोगिराला!" म्हनून किंचाळला मेला. म्हनलं किंचाळ. ह्या हातांनीच शिवल्यात तुमची खोगिरं!

वढलं, न् बसलं ओंडक्यावर. धनी खाली मातीत कोसळलं.

आता गंमत ऐका. त्येच्या बुडाखाली खोगीर हाय, पाय रिकिबीत हायती. त्येला काय, समदं सारखंच! म्हनला, "चल!" आनि टाच हानली. ठक्! लाकडाला! "चल!" ठक्! लाकूड हलतंय व्हय? त्येला बरगडी न्हाई, दुखनं न्हाई, पोटापान्याची काळजी न्हाई. ठक्! ठक्! ठक्!

मी धन्यांचं डोस्कं मांडीवर घेतलं, तोंडातला पंचा काढला, पानी पाजलं वाटीनं, मानसाला पाजत्यात तसं. आनि त्या टाच्याकडं तोंड करून बसले. लई बोलले त्येला! म्हनलं, "हान की. हान! मरून एवढी वरसं झाली, घोडं कवाच मेलं, इनामदार मेला, त्येचा वाडा पडला, तरी तुला दुसऱ्याची पाठ पायजे? उतरायला येत न्हाई तर चढावं कशाला मानसानं? देवानं पाय दिलं ते काय रिकिबीत घालायला?" आसपासची मानसं जागी झाली, दारं लावून आतनं ऐकत व्हती. कुनी आलं न्हाई म्होरं. एकानं तरी यावं की न्हाई!

बोलून बोलून माझा घसा बसला, त्येची टाच काय बसंना. ठक्, ठक्. मंग हळूहळू जोर कमी झाला. कोंबडा आरवायच्या वक्ताला एकदम गप झालं समदं.

आनि रिकीब वाजली. खळ्ळ. सैल. मोकळी.

उजाडलं तवा बघितलं. ओंडक्याच्या दोन्ही अंगाला टाचांचं खड्डं पडलेलं, बोट जाईल एवढं. आनि खाली, मातीत, पावलं. अनवानी. मऊ, गुळगुळीत, अंगठ्याची रेघ न् रेघ उमटलेली, तान्ह्या लेकराची असत्यात तशी. मोठ्या बाप्याची पावलं, पन जल्मात मातीला न लागलेली! उतरला व्हता. आपल्या पायानं उतरला व्हता, कारन वाकायला कोनच न्हवतं.

पावलं अंगनातनं बाहेर गेली व्हती, खिंडीच्या दिशेनं. म्हंजे गेला, पन संपला न्हाई. आजून हाय तिथं. आता डांबरी झाली म्हनं तिकडची वाट, तुमी गाड्या पळवता. जाऊ नगा रातचं. जायचंच झालं तर पाठीवर काय घिऊन जाऊ नगा, आनि कुनी "वाक" म्हनलं तर वाकू नगा. बाजूला सरका. त्या धनगरावानी नुसतं बाजूला सरका.

खोगिराचं काय झालं? दिस वर आल्यावर धनी लंगडत गेलं, घायपातातनं कावड आनली, आनि दगड हुडकून आनला. त्योच दगड! खोगीर शिवलं, नवा तंग लावला, आनि कावडीत एकीकडं खोगीर, एकीकडं दगड घालून भर वाटंनं वरातीच्या घरी पोचवलं. पोरं हसली मागनं. धन्यांनी मान वर करून बघितलं बी न्हाई. म्होरं मरेस्तवर त्यो दगड वाहिला त्येंनी. येताना-जाताना बघत असशीला तुमी, माझ्या उंबऱ्याशी गोल दगड हाय, वापरून गुळगुळीत झालेला. पोरं इचारत्यात, "आत्या, कुठला देव ह्यो?" म्हनते, हाय एक.

बरं. चाचा, पाठ दुखती का वो आजून? अगं, तेल गरम करून दे कुनीतरी त्यास्नी.

आनि तू, रणजित. उद्या मांडवाम्होरं घोडं थांबंल. समदी बघत असतील, तुझी नवरी बी बघत असंल. आपल्या पायानं उतर. पडलास तर पड, कापडं झाडून उभा ऱ्हा, मी म्होरं येऊन तुझी दिष्ट काढीन. पन कुनाच्या पाठीवर पाय ठिवलास, तर ही भागाआत्या अक्षता टाकायला थांबायची न्हाई.

ऊठ आता. ती बाजंची चौकट पालथी कर भिंतीपाशी, ओंडका न्हाई तर तेवढं तरी. उचल ते खोगीर मातीतनं. असं न्हवं, पाठीवर न्हवं मुडद्या, हातांवर घे! आनि आदी रिकिबी वर बांध.